सकाळच्या साखरेचे दोन आकडे: मधुमेहात नाश्ता कसा बसवायचा

मधुमेह निघाल्यावर पहिले चार महिने मी एकच चूक रोज न चुकता केली. सकाळी उठायचं, बोट टोचायचं, १४८ किंवा १५२ असा काहीतरी आकडा बघायचा, तोंड पाडायचं आणि नाश्ता कमी करायचा. ब्रेडच्या दोन स्लाइसची एक झाली, एकीची अर्धी झाली, शेवटी नुसत्या कॉफीवर आले. आकडा जागचा हलेना. एकदा तर १६१ आला, तेही आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोटात अन्नाचा कण नसताना. तपासणीला गेले तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी माझी वही पुढून-मागून चाळली आणि विचारलं, "हे सगळे उपाशीपोटीचे आकडे आहेत. नाश्त्यानंतरचे कुठायत?"

ते नव्हतेच. सात वाजता मोजलेल्या साखरेची शिक्षा मी आठ वाजताच्या नाश्त्याला देत होते.

तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय. टाइप २ मधुमेह नुकताच निघालाय, गोळ्या चालू आहेत किंवा व्हायच्या आहेत, अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवलंय. टाइप १ असेल, गरोदरपणातला मधुमेह असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोट रिकामं व्हायला वेळ लागत असेल, तर मोजायची रीत हीच. पण किती आकडा चालेल आणि ताटलीत काय किती घ्यायचं हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. गरोदरपणात तर मर्यादा बऱ्याच कडक असतात: उपाशीपोटी ९५ च्या आत, नाश्त्यानंतर दोन तासांनी १२० च्या आत.

या लेखातले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये आहेत. तुमचं मीटर ७.२, ८.५ असे छोटे आकडे दाखवत असेल तर ते मिलिमोलमध्ये आहे. त्याला १८ ने गुणा.

१. आधी हे जमवा

- ग्लुकोमीटर, त्याच्याच स्ट्रिप्स आणि सुया. स्ट्रिप्सच्या डबीवरची मुदत बघा आणि झाकण लगेच लावा. दमट हवा लागली की स्ट्रिप बिघडते, आणि बिघडलेली स्ट्रिप तसं सांगत नाही, चुकीचा आकडा देते.
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.
- साधी वही. मोबाइलमध्ये लिहायची सवय असेल तर तेही चालेल. मला पान समोर पसरून बघितल्याशिवाय काही कळत नाही.
- गजर.
- चालू औषधांची यादी, डोस आणि वेळेसकट.
- गेल्या वर्षभरातले एचबीएवनसीचे (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या रक्ततपासणीचे) रिपोर्ट असतील तर.

दंडावर चिकटवायचा सेन्सर असेल तर उत्तमच, पण त्याच्यासाठी अडून राहू नका. तो रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून पाच-दहा मिनिटं मागे चालतो. त्याच कुशीवर झोपलात तर रात्री खोटाच कमी आकडा दाखवून गजर करतो. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी अंधारात ग्लुकोजच्या गोळ्या चघळत बसले होते. बोट टोचलं तर १३४.

२. दोन आकडे वेगळे करा

'सकाळची साखर' असं आपण एका दमात म्हणतो, पण त्या दोन गोष्टी आहेत.

पहिली उपाशीपोटीची, म्हणजे फास्टिंग. हिच्यात आजच्या नाश्त्याचा काही हात नाही. पहाटे साधारण तीन ते आठच्या दरम्यान शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वगैरे वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं. मधुमेह नसेल तर स्वादुपिंड तेवढंच इन्सुलिन सोडून हिशेब मिटवतं. आपल्याकडे तो मिटत नाही. डॉक्टर याला 'डॉन फिनॉमिनन' म्हणतात. रात्रभर काही न खाता साखर वाढते ती अशी.

दुसरी नाश्त्यानंतर दोन तासांची. ही मात्र नाश्त्याची.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशन बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत असं सांगते. वय जास्त असेल, साखर वरचेवर एकदम उतरत असेल, तर डॉक्टर मुद्दाम सैल मर्यादा देतात. तुम्हाला सांगितलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

दोन्हींचा एकमेकींशी एवढाच संबंध: पहाटेचे ते हार्मोन नाश्त्याच्या वेळीही पुरते ओसरलेले नसतात. त्यामुळे जे खाऊन दुपारी साखर फारशी वाढत नाही, तेच सकाळी खाल्लं की बऱ्याच जणांची उसळते. माझ्या बाबतीत ब्रेडच्या दोन स्लाइस दुपारी चालतात, सकाळी नाही.

३. एक आठवडा काहीही न बदलता मोजा

हे सगळ्यांना नकोसं वाटतं. मधुमेह कळल्याबरोबर माणूस शहाण्यासारखं खायला लागतो, आणि मग कशामुळे काय होत होतं ते कधीच कळत नाही. एक आठवडा नेहमीचा नाश्ता करा. औषधं जशी सांगितली आहेत तशीच घ्या.

आठवड्यातले तीन-चार दिवस निवडा. त्या दिवशी दोन वेळा मोजायचं: नाश्त्याचा पहिला घास घेण्याआधी, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी. पहिल्या घासापासून, शेवटच्या नव्हे. मी बशी धुवायला टाकली की दोन तास धरायचे, त्यामुळे माझं मोजमाप कधी अडीच तासांवर जायचं, कधी पावणेतीनवर, आणि आकडे उगाच चांगले दिसायचे.

वहीत पाच रकाने पुरतात: आधीचा आकडा, काय खाल्लं (वजनासकट), नंतरचा आकडा, दोन्हींतला फरक, आणि शेरा. शेऱ्यात 'झोप नाही', 'सर्दी', 'भांडण' असं काहीही लिहा. कमी झोप, ताप, मनावरचा ताण, सगळ्यांनी साखर वाढते, आणि महिनाभराने वही चाळताना तेवढा एक शब्द उपयोगी पडतो.

फरकाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आधी १५०, नंतर १८५ असेल तर दुसरा आकडा वाईट दिसतो, पण नाश्त्याने फक्त ३५ वाढवले. त्याचं काही चुकलं नाही. आधी १०५, नंतर १७८ असेल तर दोन्ही आकडे मर्यादेत, आणि नाश्त्याने ७३ वाढवले. पहिल्या माणसाने रात्रीकडे बघायचं, दुसऱ्याने ताटलीकडे.

मोजताना हमखास होणाऱ्या दोन चुका:

हात न धुणं. एकदा संत्रं सोलून तसंच बोट टोचलं. २५८. पायाखालची जमीन सरकली. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजलं तर १४१. सालीचा रस बोटावर होता, बाकी काही नाही. सॅनिटायझर पुरेसा नाही, पाणी आणि साबण हवा. आणि बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा; दुखतं कमी.

प्रत्येक आकड्यावर जीव टांगणं. घरगुती मीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानकच असं आहे की १०० च्या वरचे बहुतेक आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असले की झालं. म्हणजे एकाच थेंबाला मीटर १४० ही म्हणू शकतं आणि १५२ ही. एका दिवसावरून काही ठरवू नका. तीन दिवस तेच दिसलं तर ते खरं धरा.

४. उपाशीपोटीचा आकडाच जास्त असेल तर

नाश्त्याला हात लावू नका. रात्री झोपताना एकदा मोजा आणि सकाळी उठल्याबरोबर एकदा. तीन रात्री.

झोपताना १९० आणि सकाळी १८५ असेल तर तुम्ही साखर चढलेलीच घेऊन झोपलात. रात्रीचं जेवण उशिरा होतंय, जास्त होतंय, किंवा जेवणानंतर 'थोडंसं' काहीतरी खाल्लं जातंय. (माझं ते थोडंसं म्हणजे टीव्हीसमोरची बिस्किटं. वहीत लिहायला लागल्यावर पहिल्यांदा मोजली.) जेवण तासभर अलीकडे आणून आणि नंतर थोडं चालून इथे बराच फरक पडतो.

झोपताना १२५ आणि सकाळी १६० असेल तर ते यकृताचं काम. ते नाश्ता टाळून थांबत नाही. उलट उठल्यानंतर काही न खाता हिंडत राहिलात तर कित्येकांची साखर आणखी वर जाते. एका सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम बघितलं: सहाला १३८, काही न खाता साडेनऊला १५९. रोजच दिसणाऱ्या अशा चढावर औषधाची वेळ किंवा प्रकार बदलणं हा उपाय असू शकतो आणि तो डॉक्टरांचा. आकड्यांच्या जोड्या त्यांच्यापुढे ठेवा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल तर एक-दोनदा पहाटे दोन-तीनच्या सुमाराला गजर लावूनही मोजा. रात्री घामाने जाग येत असेल, सकाळी डोकं जड असेल, भीतिदायक स्वप्नं पडत असतील, तर नक्कीच. तेव्हा आकडा ७० च्या खाली निघाला तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सकाळचा आकडा जास्त दिसतो म्हणून मनानेच रात्रीचा डोस वाढवणं हे अशा वेळी फार धोक्याचं ठरतं. आदल्या रात्री मद्य घेतलं असेल तरी या औषधांवर साखर पहाटे किंवा सकाळी उतरू शकते, कारण यकृत मद्याचा निचरा करण्यात गुंतलेलं असतं.

५. ताटलीत काय आहे ते वजन करून बघा

आता माझ्या ओट्सची गोष्ट.

कॉफीवरून मी पुन्हा नाश्त्यावर आले तेव्हा 'आरोग्यदायी' म्हणून ओट्स धरले. एक वाडगा ओट्स, वर दूध, एक केळं कापून, आणि साखर नको म्हणून एक मोठा चमचा मध. आधीचा आकडा १३१. दोन तासांनी २४३. मीटर बिघडलं असं वाटून दुसऱ्या दिवशी तेच खाल्लं. २३८.

मग वजनकाटा आणला. पाकिटावर एक वाढप ४० ग्रॅम लिहिलं होतं. माझा वाडगा ७५ ग्रॅमचा भरला. कोरड्या ओट्सच्या ४० ग्रॅममध्ये साधारण २७ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे माझ्या वाडग्यात ५०. मध्यम केळ्यात २७. मोठा चमचाभर मधात १७. पेलाभर, म्हणजे २०० मिली दुधात १०. बेरीज १०४ ग्रॅम. ब्रेडच्या एका मध्यम स्लाइसमध्ये साधारण १५ ग्रॅम असतात. स्लाइस अर्धी करून खाणारी मी, सात स्लाइसइतकं खाऊन वर समाधानाने वाडगा चाटत होते.

म्हणून पाकीट हातात घेतलं की या क्रमाने बघा:

आधी वाढपाचं वजन, आणि तुम्ही खरंच तेवढं खाता का. मग एकूण कर्बोदकं. फक्त 'साखर' ही ओळ बघू नका, पिठूळ कर्बोदकांचीही पोटात साखरच होते. मग तंतू, म्हणजे फायबर. जितके जास्त तितकं बरं. शेवटी घटकांची यादी: जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहितात. ब्रेडचा रंग तपकिरी, पण यादीत पहिला मैदा असेल तर तो रंगवलेला पांढरा ब्रेडच. 'मल्टिग्रेन' म्हणजे अनेक धान्यं, अख्खी धान्यं असंच नव्हे. 'साखर घातलेली नाही' असं लिहिलेल्या रसात फळाची स्वतःची साखर असतेच. संत्र्याच्या २०० मिली रसात सुमारे २० ग्रॅम. आणि शुगर-फ्री बिस्किटात साखर नसते, पीठ असतं.

६. नाश्ता बसवा, एका वेळी एकच बदल

इथे घाई करू नका. सगळं एकदम बदललं की आकडा सुधारतो, पण कशाने सुधारला ते कळत नाही, आणि मग आवडीची गोष्टही कायमची हद्दपार होते.

मी असं केलं. आधी फक्त मध काढला: नंतरचा आकडा २२१. मग ओट्स मोजून ४० ग्रॅम घेतले: १९२. मग केळं अर्धं केलं आणि दूध निम्मं: १७९. कर्बोदकं आता ४५ ग्रॅमच्या आसपास आली. इथे पोट भरेना, अकरा वाजता भूक लागायची. मग दोन उकडलेली अंडी वाढवली, आणि ती ओट्सच्या आधी खाल्ली. १६४. सकाळचा आधीचा आकडा या सगळ्या दिवसांत १२५ ते १३५ च्या मधेच होता. तीन आठवडे लागले, आणि केळं ताटात राहिलं.

यातून जे पकडायचं ते असं.

कर्बोदकं मोजून घ्या. मी सकाळी ३० ते ४५ ग्रॅममध्ये राहते. तुमचा आकडा तुमच्या फरकाच्या रकान्यातून निघेल. शून्यावर आणायची गरज नाही.

प्रत्येक नाश्त्यात प्रथिनं हवीतच. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं जवळजवळ नाहीत. साधं, गोड न केलेलं दही चांगलं. चक्क्यासारखं पाणी काढून घट्ट केलेलं आणखी चांगलं. फळांचा स्वाद घातलेलं दही मात्र बहुतेक वेळा गोड पदार्थच असतो. शिजवलेल्या कडधान्यांत प्रथिनं आणि तंतू दोन्ही मिळतात, पण कर्बोदकंही असतात, ती मोजा. बदाम-अक्रोड मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम. साखर ते फारशी वाढवत नाहीत, वजन मात्र वाढवू शकतात.

क्रमानेही फरक पडतो. २०१५ साली न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमधल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या ११ जणांना एकच जेवण दोन वेगवेगळ्या क्रमांनी दिलं होतं. भाज्या आणि प्रथिनं आधी, ब्रेड आणि रस शेवटी असं खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची साखर उलट क्रमापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आली. प्रयोग छोटा आहे, पण करून बघायला काही लागत नाही. माझ्या वहीत एवढा फरक नाही दिसला, १० ते २० चा दिसतो. तोही मला चालतो.

धान्य जितकं अख्खं आणि जाड, तितकी साखर सावकाश चढते. ओट्स म्हणजे एकच वस्तू नव्हे. कापलेले जाड ओट्स, चपटे केलेले आणि दोन मिनिटांत शिजणारे, तिन्हींची कर्बोदकं सारखीच, पण शेवटचे इतके दळलेले आणि आधीच शिजवलेले असतात की पोटाला काम उरत नाही. टोरंटोत डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली ती हाच वेग मोजायला. फक्त हे ध्यानात ठेवा की तो इंडेक्स वेग सांगतो, किती खाल्लं ते सांगत नाही. कमी इंडेक्सचा मोठा वाडगा हा शेवटी मोठाच वाडगा.

फळ खा, पिऊ नका. अख्खं सफरचंद चावायला वेळ लागतो आणि त्यात तंतू असतात. मिक्सरमधून काढलेली दोन फळं दोन मिनिटांत पोटात जातात.

चहा-कॉफीतली साखर मोजणीत धरा, दूधही. नुसत्या काळ्या कॉफीनेसुद्धा काहींची साखर वाढते, काहींची नाही. तोच नाश्ता दोन दिवस कॉफीसकट आणि दोन दिवस तिच्याविना करून बघा. माझी वाढत नाही, देवाची कृपा.

आणि नाश्ता टाळणं? टाइप २ असलेल्यांवरच्या अभ्यासात असं दिसलंय की सकाळी उपाशी राहिलं तर दुपारच्या त्याच जेवणानंतर साखर जास्त उसळते. माझ्या कॉफीवाल्या दिवसांत दुपारी काय होत होतं, ते मोजलंच नव्हतं. बरं झालं म्हणायचं.

७. गोळी आणि नाश्ता यांची वेळ जुळवा

मेटफॉर्मिन अन्नाबरोबर किंवा लगेच नंतर घेतली तर मळमळ, जुलाब कमी होतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्या घेऊन नाश्ता राहिला तर साखर उतरते. म्हणून ताटली समोर आल्याशिवाय ही गोळी तोंडात टाकू नका. जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन किती मिनिटं आधी घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना नेमकं विचारा आणि तेच पाळा.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर कर्बोदकं एकदम फार कमी करू नका. या औषधांवर, साखर फार चढलेली नसतानाही, रक्तात कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) साठून अवस्था गंभीर होऊ शकते. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप लागणं असं काही झालं तर मीटरचा आकडा बरा दिसतोय म्हणून घरी थांबू नका.

नाश्त्यातली कर्बोदकं निम्मी केलीत तर जुना डोस जास्त होऊ शकतो, हे बरेच जण विसरतात. मोठा बदल करण्याआधी एक फोन करा.

रक्ततपासणीसाठी उपाशी जायचं असेल त्या दिवशी गोळी आणि नाश्ता दोन्ही बरोबर घेऊन जा. रक्त देऊन झालं की खा.

८. नाश्त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला

खाल्ल्यावर स्नायूंनी हालचाल केली की ते रक्तातली साखर ओढून घेतात. घाम यायची गरज नाही, साधं चाला. बाहेर जाणं जमत नसेल तर घरातल्या घरात फेऱ्या. मात्र मोजायच्या दिवशी एक तर नेहमी चाला किंवा कधीच चालू नका, नाहीतर श्रेय नाश्त्याचं की फेऱ्यांचं ते कळणार नाही.

९. साखर उतरली तर

हात थरथरणं, घाम, धडधड, एकदम चिडचिड, डोकं न चालणं. जमलं तर मोजा. ७० च्या खाली असेल किंवा मोजता येत नसेल तर वाट न बघता १५ ग्रॅम झटपट साखर घ्या: ग्लुकोजच्या गोळ्या, अर्धा पेला फळांचा रस किंवा पाण्यात तीन-चार छोटे चमचे साखर. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा लागू होते. आकार्बोज ही गोळी घेत असाल तर शुद्ध ग्लुकोजच ठेवा, साधी साखर त्या गोळीमुळे लवकर फुटत नाही.

५४ च्या खाली गेली तर ते गंभीर. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तातडीची मदत बोलवायची. हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, कारण त्या वेळी सांगायला तुम्ही नसता.

१०. डॉक्टरांकडे जाताना

महिन्याभराची वही, औषधांची यादी, आणि तीन जोड्या वेगळ्या कागदावर: झोपताना आणि उठल्यावर, नाश्त्याआधी आणि नंतर, जमल्यास दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर. एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. साखर कुठल्या वेळी चढते ते ती सांगू शकत नाही, तुमच्या जोड्या सांगतात.

पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका असं काय? साखर सारखी २५० च्या वर राहतेय, फार तहान लागतेय, वजन आपोआप उतरतंय, उलट्या होतायत, किंवा आठवड्यात दोनदा ७० च्या खाली गेलीय.

मीटरही बरोबर न्या, काही ठिकाणी ते जोडून आकडे उतरवून घेतात. आणि आदल्या रात्री त्यातली तारीख-वेळ बघा. माझी बॅटरी बदलताना बारा तासांचा घोळ झाला होता, आणि डॉक्टरांच्या पडद्यावर माझे महिन्याभराचे सगळे नाश्ते रात्री आठचे दिसत होते.